खोडावरची बुरशी कुठे रबरासारखी, तर कुठे लाकडासारखी टणक! असं का?

मांजरीत बुरशी म्हटलं की आधी द्राक्षं आठवतात. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र इथलंच. भुरी आणि केवडा हे बागायतदारांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द. पण पावसाळ्यात रस्त्याकडेच्या जुन्या गुलमोहराच्या बुंध्याशी वेगळीच बुरशी दिसू शकते. अर्धगोल, तांबूस तपकिरी, व्हार्निश मारल्यासारखी चकचकीत. ही गॅनोडर्मा. वाळल्यावर बोटाने वाजवली तर टकटक आवाज येतो.

मग ओंडक्यावरची कानाच्या आकाराची बुरशी लिबलिबीत का? फरक तंतूंचा आहे. मऊ अळंबीत बहुतेक पातळ भिंतींचेच तंतू असतात, म्हणून ती दोन-चार दिवसांत सडते. गॅनोडर्मात त्यांच्या जोडीला जाड भिंतींचे आणि सगळ्यांना घट्ट बांधून ठेवणारे तंतूही असतात. ‘कानात’ जेलीसारखा पदार्थ असतो. उन्हात तो वाळून पापडासारखा होतो, सर आली की पुन्हा फुगतो. फणसाच्या झाडावरचा, औषधी म्हणून ओळखला जाणारा ‘फणसोंबा’ तर चक्क लाकडासारखा टणक!

पण हे सगळं बुरशीचं फळ झालं. खरा कारभार आत चालतो. काही बुरश्या लाकडातलं लिग्निन खातात, तेव्हा लाकूड पांढरट आणि धागेदार होतं. काही फक्त सेल्युलोज संपवतात; मग उरतो तपकिरी, चौकोनी तुकड्यांत भेगाळणारा भुसा.

म्हणून बुंध्याशी गॅनोडर्मा दिसली तर ती खरवडून उपयोग नाही. वर पानं हिरवीगार असली तरी खाली आधार देणारी मुळं कुजलेली असू शकतात आणि वादळी पावसात असं झाड मुळासकट आडवं होतं. त्याखाली गाडी लावत असाल तर आजच जागा बदला. मांजरी बुद्रुक 2021 पासून पुणे महापालिकेत आहे, त्यामुळे फोटो काढून पालिकेच्या उद्यान विभागाला कळवा. स्वतः कुऱ्हाड चालवू नका, 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते.

हात लावल्याने विषबाधा होत नाही, फक्त नंतर हात धुवा. खाऊन बघण्याचा प्रयोग मात्र अजिबात नको, रील कितीही भारी होणार असलं तरी. आणि कुणाच्या अंगावर पडणार नाही असा वठलेला ओंडका असेल, तर तो तिथेच राहू द्या. कुजून मऊ झालेल्या लाकडातच तांबट पक्षी घरट्यासाठी ढोली कोरतो.