समुद्रकाठी मुक्काम आणि डोंगरातला एक दिवस

मागच्या पालकसभेनंतर एक पालक थांबले. सुटीत ते सहकुटुंब दक्षिण स्पेनला जाणार आहेत. मुक्काम मालागा शहराजवळ, अगदी समुद्रकाठी. सोबत आजी, आपल्याच शाळेत सातवीत शिकणारी मुलगी आणि दुसरीतला मुलगा. त्यांनी मला कागदावर लिहून आणलेला कार्यक्रम दाखवला. एकाच दिवशी रोंदा, कामिनीतो देल रेय आणि अँतेकेरा! नकाशावर ही तिन्ही ठिकाणे वीतभर अंतरात मावतात, तेव्हा त्यांची काही चूक नाही. मी स्वतः गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मुलीकडे मालागाला राहून आले, आणि पहिल्याच आठवड्यात अशीच घाई करून पस्तावले. म्हणून त्यांना जे सांगितले तेच सर्वांसाठी इथे लिहिते आहे. भूगोलाच्या तासाला विद्यार्थ्यांनाही ते उपयोगी पडेल.

प्रथम त्या भागाची रचना समजून घ्यावी. आफ्रिका आणि युरोप हे भूखंड एकमेकांकडे सरकत असल्यामुळे स्पेनच्या दक्षिण किनाऱ्याला लागूनच डोंगर वर उचलले गेले आहेत. मालागा जिल्ह्यातील सर्वांत उंच शिखर ला मारोमा २,००० मीटरहून उंच आहे, आणि ते समुद्रावरून दिसते. पूर्वेला सिएरा नेवादा पर्वतातील मुलासेन हे शिखर तर सुमारे ३,४८० मीटर उंच असून समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम ३५ किलोमीटरवर आहे. आपल्या पचमढीचे धूपगढ १,३५० मीटर, त्यावरून अंदाज करावा. तात्पर्य, तिथे ५० किलोमीटर जाणे म्हणजे नुसते अंतर कापणे नव्हे, तर चढणेही आहे. दर १,००० मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. वाळूवर सुती सदऱ्यात बसलेला माणूस तासाभरात स्वेटर शोधू लागतो.

आमचे काय झाले ते सांगते. आम्ही आरामात ११ वाजता निघालो. अँतेकेरा गावात ऊन होते. तिथले मेंगाचे महापाषाणी दफनस्थान पाहिले. ते साडेपाच हजार वर्षांहून जुने आहे आणि त्याच्या छतावरील सर्वांत मोठी शिळा सुमारे १५० टनांची आहे. ही जागा सोडवत नाही. मग जेवण. एल तोर्कालच्या डोंगरावर पोहोचेपर्यंत साडेचार वाजले. तोर्काल म्हणजे एके काळचा समुद्रतळ. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तळाशी साचलेला चुनखडक आता १,२०० ते १,३०० मीटरवर आहे आणि पाण्याने झिजून त्याचे जणू पोळ्यांचे ढीग रचून ठेवल्यासारखे झाले आहे. खडकात समुद्री जीवांचे अवशेष दिसतात. (ते उचलून आणायचे नाहीत, तिथे मनाई आहे.) दोन पायवाटा आहेत : हिरवी सुमारे दीड किलोमीटरची, पिवळी तीन किलोमीटरची. हौसेने आम्ही पिवळी धरली. तासाभरात समुद्राकडून ढग चढला आणि पुढची खूण दिसेना. सगळे खडक सारखेच! दमट, गुळगुळीत दगडावरून माझ्या यजमानांचा पाय घसरला आणि मनगट सुजले. थोडक्यात निभावले. पण मोबाईलला रेंज येते-जाते, अंगात गरम कपडा नाही, आणि गाडीतले पाणी गाडीतच, अशा स्थितीत अर्धा तास एका दगडाआड बसून काढला. सकाळी आठला निघून तोर्काल आधी केले असते आणि दफनस्थान नंतर, तर पुढे दिवस तरी हातात राहिला असता.

इथे घड्याळाची एक गंमत आहे, ती नीट समजून घ्यावी. मालागा ग्रीनिचच्याही पश्चिमेला आहे, पण स्पेनने १९४० पासून घड्याळ मध्य युरोपाप्रमाणे ठेवले आहे, आणि उन्हाळ्यात ते आणखी एक तास पुढे करतात. त्यामुळे उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी सव्वादोनच्या सुमारास! आपल्याकडे इंदूरला तो साडेबारापर्यंत येतो. म्हणजे तिथले सकाळचे १० हे आपल्या आठ-सव्वाआठसारखे, आणि तिथले संध्याकाळचे ५ म्हणजे भर दुपार. आपण सवयीने म्हणतो, चारनंतर ऊन उतरेल तेव्हा चालू. तिथे जुलैत हा हिशोब अंगाशी येतो. शिवाय उन्हाळ्यात आतल्या भागातील सपाटी किनाऱ्यापेक्षा जास्त तापते, कारण समुद्राचा गारवा तिथवर पोचत नाही. डोंगर म्हणजे थंड, असे सरसकट धरू नये. आणि कधी कधी जमिनीकडून ‘तेराल’ नावाचा कोरडा गरम वारा सुटतो, त्या दिवशी किनाराही भट्टी होतो. स्पेनच्या हवामान खात्याचा अंदाज आदल्या रात्री आणि निघताना, दोन्ही वेळा पाहावा.

आता त्या कागदावरील ठिकाणे.

कामिनीतो देल रेय हा ग्वादालोर्से नदीच्या अरुंद घळीत कड्याला टांगलेला मार्ग आहे. वीजप्रकल्पाच्या कामगारांसाठी तो १९०१ ते १९०५ मध्ये बांधला गेला. १९२१ मध्ये राजा तेरावा आल्फोन्सो धरणाच्या उद्घाटनाला आला, त्यावरून ‘राजाची छोटी वाट’ हे नाव पडले. पुढे तो मोडकळीस आला, १९९९ आणि २००० मध्ये माणसे पडून मेली, मग बंद झाला आणि पूर्ण नव्याने बांधून २०१५ मध्ये उघडला. आता लाकडी फळ्या, जाळी, डोक्याला हेल्मेट, सर्व व्यवस्था चोख आहे. पण आठ वर्षांखालील मुलाला प्रवेशच नाही. दुसरीतल्या आमच्या बाळाला दारावरून परत यावे लागले असते! वयाचा पुरावा म्हणून मुलांचेही पासपोर्ट जवळ ठेवावे. तिकीट आधी काढावे लागते, चांगल्या ऋतूत ते बरेच आधी संपते. सोमवारी बंद असतो, आणि वारा-पाऊस जोराचा असला तरी बंद करतात. चालणे एकूण साडेसात किलोमीटरच्या आसपास आणि एकाच दिशेने, उत्तरेकडून दक्षिणेकडे. मालागाहून एल चोरो स्टेशनपर्यंत आगगाडीने पाऊण तास लागतो, पण गाड्या मोजक्याच. स्टेशनवरून शटल बसने उत्तरेच्या बाजूला जायचे, पुन्हा काही अंतर चालत जाऊन दरवाजा गाठायचा. म्हणून आधी परतीची गाडी पाहावी, मग प्रवेशाची वेळ ठरवावी, आणि शेवटी सकाळची गाडी. हिशोब उलटा करायचा. यात पूर्ण दिवस जातो, दुसरे काही मावत नाही.

रोंदा मात्र आजींसाठी उत्तम. गाव सुमारे ७४० मीटरवर, खोल दरीच्या काठावर वसलेले आहे, आणि दरीवर ९८ मीटर उंचीचा दगडी पूल आहे. १७३५ मध्ये बांधलेला आधीचा पूल सहा वर्षांत कोसळून सुमारे ५० माणसे गेली. त्यानंतर १७५१ मध्ये काम सुरू करून १७९३ मध्ये हा पूर्ण केला. बेचाळीस वर्षे! घाईचे फळ काय, ते त्या गावाला ठाऊक आहे. पूल पाहायला चढउतार नाही, बसायला बाके आहेत. दरीत उतरणाऱ्या पायवाटेवर आजींनी जाऊ नये. रस्त्याची निवड मात्र विचारून करावी. किनाऱ्यावरील सान पेद्रोहून वर जाणारा घाट जवळजवळ ५० किलोमीटर वळणावळणांचा आहे. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात ज्यांना मळमळते, त्यांनी मालागाहून आतल्या बाजूचा रस्ता घ्यावा.

सिएरा नेवादा कागदावर नव्हते, पण विचारले म्हणून सांगते. ग्रानादापर्यंत दीड-पावणेदोन तास, तिथून पुढे ३० किलोमीटर चढ, आणि प्रादोयानो हे स्कीइंगचे गाव २,१०० मीटरवर. एका दिवसात होते, पण मग आलांब्रा राजवाडा सोडावा. त्याचे तिकीट तर ठरावीक वेळेचे असते. दोन्ही हवे असेल तर ग्रानादात एक रात्र राहावे. समुद्रकाठच्या खोलीचे भाडे फुकट जाते म्हणून रात्र राहायची नाही, हा हट्ट मला पटत नाही.

खाण्याचे सांगायलाच हवे. गावांतून स्वयंपाकघर दीडच्या सुमारास उघडते आणि चारला बंद. मधेच भूक लागली तर मुलांचे हाल. शाकाहारींनी जास्त जपावे, कारण ‘मांस नको’ म्हटले तरी बारीक हॅम किंवा मासा घालून आणतात. अँतेकेराची प्रसिद्ध पोर्रा ही टोमॅटोची गार आमटीच म्हणा, पण वरून अंडे आणि हॅम! सकाळी पावावर टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल, हे बिनघोर खावे. आम्ही नंतर दशम्या नेऊ लागलो. माणशी दीड-दोन लिटर पाणी पाठीवरच, डिकीत नव्हे. संकटात ११२ हा क्रमांक फिरवावा.

त्या पालकांचा कार्यक्रम आता असा झाला आहे. सात दिवसांत डोंगराचे तीनच दिवस, मधे एकेक दिवस समुद्रावर. रोंदाला सर्वांनी जायचे. तोर्कालला सकाळी, हिरव्या वाटेने. मंगळवारी कामिनीतो, पण फक्त बाबा आणि ताई. त्या दिवशी आजी, आई आणि धाकटा वाळूत किल्ला करणार आहेत. धाकटा अजून रुसलेला आहे असे ऐकते. नववीच्या मुलींनी या सर्व ठिकाणांच्या उंचीचा आणि वेळांचा तक्ता केला आहे, तो माझ्या ऑफिसात लावला आहे. पाहायचा असेल त्यांनी मधल्या सुटीत यावे.