‘पानी’ चूक की बोली?

चिमूरच्या बाजारात ‘पानी’ मागितलं की पाणीच मिळतं. उत्तरपत्रिकेत मात्र त्याच शब्दाखाली लाल रेघ ओढली जाते.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागाची ही झाडीबोली. तिच्यात ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा बहुधा ‘र’. म्हणजे डोळा ‘डोरा’, काळा ‘कारा’. वऱ्हाडीत तोच डोळा ‘डोया’ होतो. दोन्हीकडे बदलाला रीत आहे, ढिलाई नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा अभ्यास केला आणि तिचा शब्दकोशही सिद्ध केला.

मग नियम काय सांगतात? मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम राज्य सरकारने १९६२मध्ये स्वीकारले. १९७२मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. हे सारे नियम लेखनाचे, बोलण्याचे नव्हेत. शिवाय पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ लिहायला त्यांची मुभा आहे.

इंग्रजीतही हा वाद जुनाच. १९६१मध्ये ‘वेबस्टर्स थर्ड’ या अमेरिकी कोशाने ‘एन्ट’ हा बोलीतला नकार सरसकट चुकीचा ठरवला नाही, तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांनी त्याच्यावर टीकेची झोड उठवली.

इकडे झाडीबोलीच्या मुलखातली, म्हणजे झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर रात्र रात्र रंगतात, त्यांच्या कंपन्यांचं मुख्य केंद्र वडसा. या रंगभूमीवरचे गडचिरोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री जाहीर झाली.