गोड लागले, पण पोचले नाही

आमचा बेळगावचा दीड दिवसाचा गणपती विसर्जन झाला की मी पिशव्या भरून माहेरी निघते. तिलारीचा घाट उतरून दोडामार्गमार्गे इब्रामपूर. पेडणे तालुक्यातले, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेले हे माझे गाव. सासरी कन्नड, माहेरी मराठी आणि घरगुती बोलणे पेडण्याच्या कोकणीत, अशी माझी तीन भाषांची सरमिसळ. पिशवीत कुंदा असतोच. पण दोन वर्षांपूर्वी मी कुंद्याबरोबर बाबांसाठी आणखी एक वस्तू नेली होती. साखरेऐवजी चहात टाकायच्या बारीक पांढऱ्या गोळ्यांची डबी.

बाबांना मधुमेह आहे. चहा बिनसाखरेचा प्यायचा म्हटले की त्यांचे तोंड कडू होई. मी मोठ्या ऐटीत वहिनीला सांगितले, "एका कपाला एक गोळी. साखरच समज, फक्त त्रास नाही." तेवढ्या एका वाक्यात मी अर्धवट शहाणपण घरात ठेवून आले होते. त्याचा हिशेब गेल्या चवथीला चुकता झाला.

त्या दिवशी घरी सहस्रावर्तन होते. बाबांनी सकाळी आठला नेहमीप्रमाणे मधुमेहाची गोळी घेतली आणि नैवेद्य झाल्याशिवाय खायचे नाही म्हणून नुसत्या चहावर बसून राहिले. आवर्तने लांबली. दीड वाजला असेल. मी स्वयंपाकघरात हळदीच्या पानांवर पातोळ्या थापत होते, तेवढ्यात दादाने हाक मारली. बाबा खांबाला टेकून बसले होते, अंगरखा घामाने भिजलेला, हात थरथरत होते. बोटाला सुई टोचून यंत्रावर पाहिले तर साखर ५४.

"गोड काहीतरी द्या!" दादा ओरडला. वहिनी धावत गेली आणि चांगला गोड चहा घेऊन आली. बाबांनी तो घटाघटा प्यायला. आम्ही वाट पाहात राहिलो. दहा मिनिटे गेली, पंधरा गेली. पुन्हा तपासले, ५२.

"च्या गोड आसा गो, पूण हात अजून थरथरता," बाबा पुटपुटले.

मी वहिनीकडे पाहिले, वहिनीने माझ्याकडे. बाबांचा कप म्हटला की तिचा हात सवयीने त्या डबीकडे जातो. घाईत एकाऐवजी तीन गोळ्या टाकल्या होत्या तिने. चहा साखरेच्या चहाहून गोड झाला होता, पण त्यात साखर नव्हती. आईने मात्र एक शब्द न बोलता देवापुढे पंचामृतासाठी काढलेल्या साखरेची वाटी उचलली, चार चमचे पाण्यात ढवळले आणि बाबांच्या ओठांना पेला लावला. पंधरा मिनिटांनी यंत्राने ८३ दाखवले. मग आईनेच ताट वाढले. नैवेद्याचे काय, असे कोणी विचारायच्या आत ती म्हणाली, "गणपती रागार जावचो ना."

चूक वहिनीची नव्हती. "साखरच समज" हे मी सांगितले होते. म्हणून बेळगावला परतल्यावर या गोळ्यांची नीट माहिती करून घेतली, आणि ती तुम्हालाही सांगावीशी वाटते.

जिभेची साखर

आपल्याला गोड लागते ते जिभेवरच्या विशिष्ट पेशींमुळे. साखरेचा कण तिथे बसला की मेंदूला 'गोड' अशी वर्दी जाते. पण साखर एवढ्यावर थांबत नाही. ती पोटात जाते, रक्तात उतरते आणि एका ग्रॅमला सुमारे ४ कॅलरी देते. कृत्रिम गोडीचे पदार्थ जिभेला तीच वर्दी देतात, पुढचे काम मात्र करत नाहीत. ते साखरेच्या शेकडो पट गोड असल्याने कपभर चहाला काही मिलिग्रॅम पुरतात. म्हणून कॅलरी नाहीतच म्हटले तरी चालेल. आणि म्हणूनच घसरलेली साखर ते वर आणू शकत नाहीत.

यातला सर्वांत जुना सॅकरिन. १८७९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फालबर्ग या रसायनशास्त्रज्ञाला तो सापडला, तोही डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांवर काम करताना. नाव मात्र आपल्या घरातले. संस्कृत शर्करा, कन्नड सक्करे आणि हे सॅकरिन, मूळ शब्द एकच.

अ‍ॅस्पार्टेम १९६५ मध्ये सापडला. तो साखरेच्या सुमारे २०० पट गोड. प्रथिनांच्याच दोन घटकांपासून तो बनतो, आणि जास्त उष्णतेत त्याची गोडी जाते. म्हणून तो चहाबरोबर उकळायचा नसतो, कप खाली उतरवून मग टाकायचा.

सुक्रालोजची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९७६ साल, लंडनचे क्वीन एलिझाबेथ कॉलेज. साखरेच्या रेणूत क्लोरीन घालून काय होते याचे संशोधन चालले होते. शशिकांत फडणीस या तरुण संशोधकाला एक पदार्थ 'टेस्ट' कर, म्हणजे तपास, असे सांगण्यात आले. त्यांच्या कानांनी ऐकले 'टेस्ट' म्हणजे चाखून पाहा. त्यांनी खरेच चाखले, आणि साखरेच्या सुमारे ६०० पट गोड पदार्थ जगाला मिळाला. परक्या भाषेत एका शब्दाने काय उलथापालथ होते हे आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांना वेगळे सांगायला नको. सुक्रालोज उकळत्या चहा-खिरीत टिकतो, आणि त्याचा बराचसा भाग अंगी न लागता शरीराबाहेर जातो.

मग हे घ्यावे की नाही?

माझ्या सासूबाई यावर एका दमात निकाल देतात. "विषच ते! त्यापेक्षा बेल्ल घाल चहात." बेल्ल म्हणजे गूळ. पण गुळातही बहुतांश साखरच असते. बेळगावचा उसाचा गूळ असो वा गोव्यातला माडाचा, रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. मधाचेही तेच. मधुमेहाच्या माणसाला 'नैसर्गिक' म्हणून गूळ मोकळ्या हाताने देणे ही आपल्याकडची फार मोठी फसगत आहे.

विष म्हणावे तर तसेही नाही. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' अशा गटात टाकले. या गटाचा अर्थ पुरावा तोकडा आहे, एवढाच. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४०० मिलिग्रॅम. दोन-तीन कप चहातल्या गोळ्या या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत.

पण याचा अर्थ सगळ्यांनी घ्याव्यात असाही नव्हे. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की वजन ताब्यात ठेवण्यासाठी या पदार्थांवर विसंबू नये, कारण लांब पल्ल्यात त्याने चरबी कमी होताना दिसत नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना ही शिफारस लागू नाही, हेही तिथे स्पष्ट केले आहे. ज्यांना फेनिलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार आहे, त्यांनी अ‍ॅस्पार्टेम अजिबात घेऊ नये. लहान मुलांना तर या गोळ्यांची सवय लावूच नये.

आणखी एक फसवी जागा म्हणजे 'शुगर फ्री' मिठाई. साखर काढली तरी मैदा, खवा आणि तूप जागच्या जागी असते. मैद्याची पोटात गेल्यावर साखरच होते. शिवाय या गोळ्यांनी पाक होत नाही, कुंद्याला तो खरपूस रंग येत नाही. मी एकदा नेवऱ्यांचे सारण असे करून पाहिले. गोड झाले, पण भुसभुशीत, तोंडात बसेना.

आमच्या घरचा नियम

हे सगळे आपल्या दारातले आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के आढळले, देशात सर्वाधिक. देशाची सरासरी ११.४ टक्के. म्हणजे चवथीच्या पंगतीत बसलेल्या चार मोठ्या माणसांमागे एक.

डॉक्टरांनी आम्हाला समजावले ते असे. साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम खरी साखर किंवा ग्लुकोज, म्हणजे तीन-चार चमचे, पाण्यातून द्यायचे. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, चढली नसेल तर पुन्हा तेवढेच. बरे वाटले की जेवायला घालायचे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठायचा. आणि उपासाच्या किंवा पूजेच्या दिवशी गोळी, इन्सुलिन कसे घ्यायचे हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवायचे.

बाबांच्या चहात आजही ती गोळी पडते. त्यांना ती हवी असते, आणि त्यात गैर काही नाही. फक्त आता देवघराच्या कोनाड्यात स्टीलचा एक छोटा डबा असतो. त्यावर वहिनीने मराठीत 'बाबांची खरी साखर' असे लिहिले आहे. खाली माझ्या मुलाने कन्नडमध्ये 'अज्जन सक्करे' लिहिले आहे. सुट्टीत आलेल्या नातवंडांनाही डबा कुठे आहे ते ठाऊक आहे.

संक्रांतीला आपण दोन्ही भाषांत गोड बोलायला सांगतो. तिळगूळ देताना यंदा एक गोष्ट नेमकीही बोलू या. घरात मधुमेहाचे माणूस असेल तर विचारा, खरी साखर कुठे ठेवली आहे?