डाळिंबाची ‘मर’ आणि भुंगेऱ्याचे नाव

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत डाळिंबांचे ढीग लागतात. परंतु ज्या बागांतून हे फळ येते, त्यांपैकी कित्येकांवर ‘मर’ या रोगाचे संकट आहे. उभे झाड पिवळे पडते आणि वाळून जाते. सांगोला व आटपाडी भागांत गेल्या काही वर्षांत अनेक बागा यापायी काढून टाकाव्या लागल्या.

‘मर’ हा शब्द परिणामाचा निर्देश करतो, कारणाचा नव्हे. कारणे अनेक आहेत : सेराटोसिस्टिस व फ्युजेरियम या बुरश्या, मुळांवरील सूत्रकृमी आणि खोडास टाचणीएवढी भोके पाडणारा, सुमारे २ मिलिमीटर लांबीचा भुंगेरा. बुरशीवरील औषधाने भुंगेरा मरत नाही. खोडास दिलेल्या लेपाने सूत्रकृमी हटत नाहीत. सबब एकाच नावाखाली भिन्न कारणे राहिली, तर उपाय वाया जातो.

या भुंगेऱ्याच्या शास्त्रीय नावाचीही हीच कथा आहे. १८६८ साली आइखहोफ यांनी दिलेले ‘फोर्निकेटस’ हे नाव दीर्घकाळ एकाच जातीचे मानले जाई. आनुवंशिक तपासणीत त्याखाली दिसण्यात सारख्या अशा चार जाती निघाल्या. २०१८ साली चहावरील भुंगेऱ्याकडे ठेवलेले हे नाव, हरवलेला समजला जाणारा मूळ नमुना सापडल्यामुळे, २०१९ साली दुसऱ्याच जातीकडे गेले. कॅलिफोर्निया, इस्राएल व दक्षिण आफ्रिका येथील झाडांवर पसरलेली जात ती हीच.

एवढा प्रसार कसा होतो, हे त्याच्या वंशवृद्धीवरून समजते. फलित अंड्यातून मादी, अफलित अंड्यातून नर जन्मतो. नरास उडता येत नाही. बोगद्यातच भावाबहिणींचा संयोग होतो व फलित मादी आपली बुरशी सोबत घेऊन बाहेर पडते. म्हणून लाकडातून परदेशी गेलेली एकच मादीही नवी वसाहत स्थापू शकते. अशा वसाहतीत आपसांतील भेद अत्यल्प, परंतु दोन वंशांमधील भेद ठळक असतो. वंशांचा माग त्यामुळेच काढता येतो.

आपल्या बागांतील स्थिती याला पोषकच आहे. ‘गणेश’ वा ‘भगवा’ यांची रोपे गुटी कलमाने होतात. म्हणजे एका वाणाची सारी झाडे आनुवंशिकदृष्ट्या एकच होत. एका झाडास जे बाधते, ते शेजारच्यासही बाधते. आणि रोगट कलमाबरोबर रोगही नव्या बागेत जातो.

तात्पर्य, मर लागलेल्या झाडाचे खोड चिरून व मूळ उकरून पाहावे, कारण ठरवावे, आणि मगच औषध निवडावे.