रायगडावर हत्ती कसे चढले?

डिसेंबर-जानेवारीत पाचाडच्या रस्त्याला लागलं की एसटीच्या लाल गाड्या एकामागून एक भेटतात. काचेवर शाळेच्या नावाचा कागद, खिडकीतून फडकणारा भगवा, आणि घाटात गाडी लागलेली दोन-तीन पोरं पिशवी हातात धरून पुढच्या सीटवर. शैक्षणिक सहलीला महामंडळ भाड्यात निम्मी सवलत देतं, म्हणून आडगावच्या शाळेलाही रायगड परवडतो. चौथीचं ‘शिवछत्रपती’ वाचलेल्या मुलांचा अर्धा इतिहास पाठ असतो. उरलेला अर्धा गाईडचा पाठ असतो.

त्याची वाटही ठरलेली. नगारखान्यातून सिंहासनाच्या जागेपर्यंत ऐकू जाणारी कुजबुज, मग घोड्यावर बसून खरेदी करायची बाजारपेठ, मग टकमक टोक, आणि शेवटी हिरकणी. हिरकणीची गोष्ट मनाला भिडते हे खरं, पण समकालीन कागदांत ती सापडत नाही. उंच जोत्यांच्या त्या दोन रांगा बाजाराच्याच होत्या का, याविषयीही अभ्यासकांत दुमत आहे. दंतकथा सांगू नयेत असं माझं म्हणणं नाही. पुरावा गडावर उघड्यावर पडलेला आहे आणि मुलांना त्याच्यासमोरून शिट्टी वाजवत पळवलं जातं, एवढीच माझी तक्रार.

प्रत्येक तुकडीत एखादं पोर विचारतंच, “एवढ्या उंचावर हत्ती कसे आणले?” पिल्लं असताना आणली आणि इथंच वाढवली, हे गाईडचं तयार उत्तर. हाच प्रश्न 1674 साली हेन्री ऑक्झिंडनलाही पडला होता. मुंबईकर इंग्रजांचा हा वकील शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला गडावर हजर होता. दरबाराच्या दाराशी दोन लहान हत्ती आणि सोनेरी साजाचे दोन घोडे पाहिल्याचं तो लिहितो, आणि हे कोणत्या वाटेनं वर आले असतील याचं नवल करतो. त्याच्या त्या ‘लहान’मधूनच पुढं पिल्लांची कथा वाढली असावी, असा माझा तर्क, पुरावा मात्र नाही.

दुसरा साक्षीदार जगदीश्वराच्या देवळापाशी भिंतीत बसवलेला आहे. शके 1596 चा हा संस्कृत शिलालेख म्हणजे जवळजवळ बांधकामाची यादीच आहे: विहिरी, तळी, वाडे, बागा, रस्ते, राजसदन आणि हत्तीखाना! इंग्रज वकिलाची दैनंदिनी आणि गडाचाच दगड, दोघे एकमेकांना ठाऊक नसताना एकच गोष्ट सांगतात. इतिहास कसा तपासतात याचा यापेक्षा सोपा धडा कुठल्या वर्गात मिळेल? तिथंच देवळाच्या पायरीवर एक छोटी ओळ कोरलेली आहे: ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर’. गड बांधणाऱ्यानं आपलं नाव पायरीवर टाकलं. सहलीची निम्मी मुलं त्यावर पाय देऊन पुढं जातात, कारण खाली बघा असं कुणी सांगितलेलंच नसतं.

“मग राजवाडा कुठाय?” हा दुसरा हमखास प्रश्न. मे 1818 मध्ये कंपनीच्या फौजेनं गडावर तोफा डागल्या, आग लागली आणि लाकूडकाम जळून गेलं. उरली ती जोती. त्यानंतर कित्येक वर्षं गड ओस पडला. 1883 मध्ये जेम्स डग्लसनं आपल्या पुस्तकात महाराजांच्या समाधीची दुर्दशा मांडली. त्याआधी 1869 मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला होताच. 1895 मध्ये टिळकांनी समाधीच्या जीर्णोद्धारासाठी चळवळ उभी केली आणि पुढल्याच वर्षी गडावर उत्सव झाला. आजची सहल त्याच वाटेनं चालते. समाधीशेजारचा वाघ्या कुत्र्याचा पुतळा तर 1936 चा. शिवकाळात असा कुत्रा होता याला समकालीन आधार मिळत नाही. हेही मुलांना सांगायला हरकत नाही. पोरं रागावत नाहीत, मोठी माणसं रागावतात.

1996 पासून रोपवे आहे. चार-पाच मिनिटांत माणूस वर. म्हाताऱ्यांना आणि गुडघे दुखणाऱ्यांना तो वरदान, पण धडधाकट मुलांना त्यातून नेलं की महादरवाजा चुकतो. दोन बुरुजांच्या बगलेत तो असा दडवलेला आहे की अगदी पुढ्यात येईपर्यंत दिसत नाही. वळण घेऊन दमलेला शत्रू तिथं दोन्ही बाजूंनी माऱ्यात सापडायचा. हे चित्र काढून समजावता येत नाही. धापा टाकत तिथवर पोचलं की आपोआप कळतं.

जुलै 2025 मध्ये रायगडासह बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, म्हणजे गर्दी वाढणार. सहल नेणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना एकच विनंती. टकमक टोकावरचा वेळ थोडा कमी करा आणि अर्धा तास जगदीश्वरापाशी बसा. मुलांच्या हाती वही-पेन्सिल द्या आणि शिलालेखातली यादी घेऊन गडावर एकेक जागा शोधायला लावा. उतरताना पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी गाडी थांबवायला विसरू नका. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, 17 जून 1674 ला त्या गेल्या.