पाळीव पाणकासवासाठी योग्य हौद

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांतून रुपयाच्या नाण्याहून किंचित मोठे असे हिरवेगार कासवाचे पिल्लू पुष्कळदा विकत मिळते. मुलांच्या हट्टापायी ते घरी येते, एखाद्या काचेच्या वाडग्यात ठेवले जाते आणि काही महिन्यांतच डोळे सुजून किंवा पाठ मऊ पडून मरते. जे जगते ते वाडग्यात मावेनासे होते व मग विहिरीत, देवळाच्या तळ्यात किंवा शेततळ्यात सोडून दिले जाते. या दोन्ही गोष्टी अनिष्ट होत. त्या टाळावयाच्या असतील तर या प्राण्याची गरज प्रथम ओळखली पाहिजे.

हे कासव कोणते?

डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले हे कासव मूळचे भारतातील नव्हे. अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे व त्याच्या आसपासचा प्रदेश हे त्याचे मूळ स्थान. ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलेगन्स हे त्याचे शास्त्रीय नाव असून बोलीत त्याला लाल कानाचे कासव म्हणतात. पूर्ण वाढलेल्या मादीची पाठ २५ ते ३० सेंटिमीटर लांब होते. नर काहीसा लहान राहतो. योग्य निगा राखल्यास ते २५ ते ३० वर्षे सहज जगते. म्हणून कासव आणणे म्हणजे बैलाच्या आयुष्याहूनही दीर्घ अशी जबाबदारी पत्करणे होय.

आपल्या नद्या-विहिरींतील देशी कासवे मात्र घरी मुळीच आणू नयेत. पोटाकडील कवचाला कातडी झडप असलेले पाणकासव आणि माळरानावरील चांदणी कासव यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. ती पकडणे, बाळगणे वा विकणे हा गुन्हा आहे. परदेशी कासवाच्या नोंदणीसंबंधी चालू नियमही वनविभागाच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावेत.

पिल्लासाठी काचेची टाकी

पाठीच्या दर अडीच सेंटिमीटर लांबीमागे सुमारे ४० लिटर पाणी असावे, असा ढोबळ ठोकताळा आहे. पाण्याची खोली पाठीच्या लांबीच्या निदान दीडपट ते दुप्पट ठेवावी, म्हणजे उलटे झालेले कासव पाण्यात सहज सुलटे होऊ शकते. ९० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद टाकीत ३० सेंटिमीटर पाणी भरल्यास ते सुमारे १२० लिटर होते. सात-आठ सेंटिमीटर लांबीच्या पिल्लाला एवढी टाकी पुरते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते, हे ध्यानात घेऊन टाकीखालची बैठक भक्कम असावी.

टाकीत पूर्ण कोरडी राहील अशी एक जागा हवी. कासव तेथे चढून अंग वाळवते व ऊब घेते. त्या जागेवर दिव्याच्या साहाय्याने सुमारे ३२ अंश सेल्सिअस, तर पाण्यात २४ ते २८ अंश तपमान राखावे. कवच टणक होण्यास चुना म्हणजे कॅल्शियम लागते आणि ते अंगी लागण्यास सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आवश्यक असतात. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात हे उपयुक्त किरण जवळजवळ उरत नाहीत. म्हणून टाकी घरात असल्यास असे किरण देणारा खास दिवा दररोज १० ते १२ तास लावावा. तो प्रकाश देत राहिला तरी त्यातील किरण कालांतराने क्षीण होतात. यास्तव उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत दिवा बदलावा. काचेची टाकी मात्र भर उन्हात ठेवू नये, कारण तीतील पाणी पाहता पाहता तापते.

तळाशी बारीक खडी घालू नये. कासव ती गिळते व आतडे अडते. तळ मोकळा ठेवावा किंवा कासवाच्या डोक्याहून मोठे गुळगुळीत गोटे घालावेत.

अंगणातील हौद

ज्यांच्या घराला अंगण आहे त्यांना वाढलेल्या कासवासाठी सिमेंटचा हौद अधिक सोयीचा. एका कासवाला दीड मीटर लांब व एक मीटर रुंद हौद बांधावा. त्यात ४५ सेंटिमीटर पाणी ठेवल्यास ते ६७५ लिटर भरते. बांधताना पुढील गोष्टी पाळाव्यात:

१. काठ पाण्यापासून निदान ३० सेंटिमीटर उंच व आतल्या बाजूस थोडा झुकलेला असावा. कासव चढण्यात पटाईत असते.

२. एका बाजूस खरबरीत व सौम्य उतार करून तो कोरड्या ओट्याला जोडावा.

३. निम्म्या हौदावर कायम सावली असावी. उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, सावलीवाचून पाणी कासवाच्या जिवावर बेतेल इतके तापते.

४. मादीसाठी ओट्यालगत २० ते २५ सेंटिमीटर खोल वाळूमिश्रित मातीचा वाफा ठेवावा. नर नसतानाही मादी अंडी घालते. जागा न मिळाल्यास अंडी पोटात अडकून ती दगावू शकते.

५. कावळा, घार, मांजर व कुत्रे यांपासून रक्षणासाठी वर जाळी बसवावी.

६. तळाला उतार देऊन सर्वांत खोल जागी निचऱ्याची तोटी काढावी.

नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. तेव्हा दोन-तीन आठवडे हौद वारंवार भरून रिकामा करावा व नंतरच कासव सोडावे.

पाणी व खाद्य

कासव माशांपेक्षा कितीतरी अधिक घाण करते. म्हणून फिल्टर घेताना टाकीतील पाण्याच्या दुप्पट-तिप्पट पाण्यासाठी असलेला घ्यावा आणि दर आठवड्यास निदान चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून वापरावे. काढलेले पाणी फळझाडांना व फुलझाडांना खतासारखे उपयोगी पडते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला मात्र ते घालू नये, कारण कासवाच्या विष्ठेत साल्मोनेला हे रोगजंतू असू शकतात. याच कारणास्तव अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस बंदी घालण्यात आली. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, पाच वर्षांखालील मुलांच्या हाती ते देऊ नये, आणि हौदाची भांडी स्वयंपाकघरात आणू नयेत.

पिल्लांना रोज तयार कासवखाद्याच्या गोळ्या, लहान मासे किंवा गांडुळे द्यावीत. मोठ्या कासवाला एक दिवसाआड खाद्य पुरते व त्यात हिरव्या पाल्याचा भाग अधिक असावा. अझोला त्यास चांगला. पालक मात्र नेहमी देऊ नये, तो कॅल्शियम अंगी लागू देत नाही. नुसत्या भातावर वा पावावर कासव जगत नाही. डोळे सुजणे, पाठ मऊ पडणे, पाण्यात एका अंगावर कलून पोहणे ही आजाराची लक्षणे दिसताच पशुवैद्यकांना दाखवावे.

विहिरीत सोडू नये

विहिरीत कासव असावे, ते पाणी स्वच्छ ठेवते, अशी समजूत आपल्या खेड्यांतून जुनी आहे. या समजुतीने परदेशी कासव विहिरीत सोडणे घातक ठरेल. मासे, बेडूक, पाणवनस्पती असे सर्व काही ते खाते आणि अन्न व ऊन खाण्याच्या जागा यांसाठी देशी कासवांशी स्पर्धा करते. जगातील सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या जातींच्या यादीत त्याची गणना झाली असून युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली. केरळमध्ये ते मोकळ्या पाण्यात आढळल्यावर पीची येथील केरळ वनसंशोधन संस्थेने अशी कासवे गोळा करण्याचे काम हाती घेतले.

ज्याला कासव सांभाळणे अशक्य झाले असेल त्याने ते दुसऱ्या जाणत्या पाळणाऱ्याकडे द्यावे किंवा वनविभागाचा सल्ला घ्यावा. नवे पिल्लू आणण्यापूर्वी मात्र हौदाची जागा, पाण्याची सोय आणि पंचवीस वर्षांची निगा यांचा हिशेब घरातील सर्वांनी मिळून करावा. तो जुळत नसेल तर पिल्लू दुकानातून न आणणे हेच योग्य होय.