यादी आधी, लेख नंतर

बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात, कचेऱ्यांचे काम हिंदीत. पण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती, आणि गोंदिया आजही हाकेच्या अंतरावर आहे. मराठी वाचणारी माणसे वारासिवनी, कटंगी, लांजीत आहेत, तशी इथून शिकायला-नोकरीला गेलेली नागपूर-पुण्यातही आहेत. इतक्या विखुरलेल्या वाचकांसाठी अंक छापून पोस्टात टाकणे हौशी संपादकाच्या खिशाला झेपत नाही. ईमेलने जाणारे वार्तापत्र झेपते. समजा, असे एखादे मराठी वार्तापत्र इथून चारेकशे वाचकांना जाते आहे आणि ज्या सेवेवरून ते जाते ती बदलायची वेळ आली आहे. त्या बदलात नेमके काय घडते आणि काम कोणत्या क्रमाने करायचे, ते पाहू.

अशी वेळ कधीही येऊ शकते. रिव्ह्यू ही नेदरलँड्समध्ये सुरू झालेली वार्तापत्रांची सेवा ट्विटरने जानेवारी २०२१ मध्ये विकत घेतली आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद केली. मेलचिंप या ईमेल-कंपनीच्या ताब्यातले टायनीलेटर, जे असंख्य एकट्या-दुकट्या लेखकांचे आवडते होते, २९ फेब्रुवारी २०२४ ला बंद झाले. काही जण आपण होऊन निघतात. पत्रकार केसी न्यूटन यांचे ‘प्लॅटफॉर्मर’ हे वार्तापत्र जानेवारी २०२४ मध्ये सबस्टॅक या सेवेवरून घोस्ट या दुसऱ्या सेवेवर गेले. नाझी विचारांच्या मजकुराबाबत सबस्टॅकने घेतलेली भूमिका त्यांना पटली नव्हती. एरवी कारण साधे असते: पैसे. सबस्टॅक सशुल्क वर्गणीतून १० टक्के कापून घेते. घोस्ट वर्गणीतून काही कापत नाही, पण दरमहा भाडे घेते. शंभर सशुल्क वर्गणीदार असतील तर हिशेब एक, सगळे फुकट वाचणारे असतील तर अगदी वेगळा. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय हलू नये.

हलवताना बहुतेकांचे पहिले लक्ष जुन्या लेखांकडे जाते. ते साहजिक आहे, लिहिलेले आपण असते. पण लेख कधीही चढवता येतात; दोन महिन्यांनी चढवले तरी कोणाचे बिघडत नाही. जपायची असते ती वाचकांची यादी आणि त्या वाचकांनी दिलेली परवानगी.

प्रत्येक बरी सेवा ही यादी सीएसव्ही फाइल म्हणून, म्हणजे साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या रूपात, उतरवून देते. तिच्यात ईमेल पत्ता, नाव, नोंदणीची तारीख आणि सद्यस्थिती असते. मोह असा होतो की चालू वाचक तेवढे घ्यावेत आणि बाकी सोडून द्यावे. इथेच घोटाळा होतो. ज्यांनी नाव कमी करून घेतले, ज्यांचे पत्ते बंद पडले आणि ज्यांनी पत्र स्पॅम म्हणून कळवले, त्यांची वेगळी यादी नव्या सेवेला ‘यांना पाठवू नये’ म्हणून द्यायची असते. ती दिली नाही आणि उद्या एखादी जुनी वही किंवा जुनी फाइल नव्या यादीत मिसळली, तर गेल्या वर्षी नाव कमी केलेल्या माणसाला पुन्हा पत्र जाते. तो चिडतो, आणि त्याचे चिडणे रास्तच असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ हाही संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असावे, असे सांगतो. कोजागिरीच्या कार्यक्रमाच्या रजिस्टरमधून उतरवून घेतलेले पत्ते या निमित्ताने यादीत घुसवू नयेत, हेही मी सांगून ठेवतो. कार्यक्रमाला येणे म्हणजे पत्र मागवणे नव्हे.

मराठी नावांची एक वेगळी अडचण आहे. सीएसव्ही फाइलवर दोनदा टिचकी मारून ती एक्सेलमध्ये उघडली की देवनागरीच्या जागी पुष्कळदा रोमन चिन्हांचा गाळ दिसतो. फाइल खराब झालेली नसते. एक्सेलने तिची युटीएफ-८ लिपीव्यवस्था ओळखलेली नसते. पण त्याच अवस्थेत ‘सेव्ह’ केले की नावे खरोखरच जातात. म्हणून एक्सेलच्या डेटा विभागातून ‘टेक्स्ट/सीएसव्हीमधून’ हा मार्ग घ्यावा, युटीएफ-८ निवडावे, आणि साठवतानाही सीएसव्ही युटीएफ-८ हाच प्रकार घ्यावा. गूगल शीट्समध्ये हा त्रास सहसा होत नाही. तारखांकडेही पाहून घ्यावे. आपल्याकडे ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल, अमेरिकी सेवेला तो ४ मार्च वाटू शकतो. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिलेली तारीख कुणीच चुकीची वाचत नाही. आणि मूळ उतरवलेली फाइल हात न लावता बाजूला ठेवावी, काम तिच्या प्रतीवर करावे.

यानंतरचे काम रूक्ष आहे, पण पत्र इनबॉक्समध्ये पडणार की स्पॅममध्ये, हे त्यावरच ठरते. पत्र कोणाच्या नावाने जाते, हा मुद्दा. प्रेषक म्हणून साधा जीमेलचा पत्ता ठेवून तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवरून पत्रे पाठवली, तर घेणाऱ्या सर्व्हरला ती तोतयेगिरी वाटते. त्यामुळे स्वतःचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे स्वतःचे नाव, हवे. वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास ते मिळते, आणि पुढे कितीही सेवा बदलल्या तरी तुमचा पत्ता तोच राहतो.

डोमेनच्या डीएनएस नोंदींत तीन गोष्टी भराव्या लागतात. एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने पत्र पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे त्याची जाहीर यादी. डीकेआयएम ही प्रत्येक पत्रावरची डिजिटल सही. पत्र वाटेत बदललेले नाही, हे ती सांगते. या दोन्ही तपासण्यांत पत्र नापास झाले तर घेणाऱ्याने काय करावे, ही सूचना म्हणजे डीमार्क. नवी सेवा या नोंदींचा मजकूर तयार करून देते, तो जसाच्या तसा डोमेनच्या नियंत्रणकक्षात चिकटवायचा. सांभाळायचे एवढेच की एका डोमेनवर एसपीएफची नोंद एकच असावी लागते. आधीची असेल तर तिच्यातच नवा सर्व्हर जोडावा. दुसरी ओळ टाकली की दोन्ही निकामी. डीमार्कची सुरुवात ‘काही करू नका, फक्त कळवा’ या पायरीने, म्हणजे ‘नन’ या मूल्याने करावी. नोंदी सगळीकडे पोहोचायला कधी काही मिनिटे लागतात, कधी एक-दोन दिवस, म्हणून हे काम पाठवायच्या आदल्या रात्री काढू नये.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी ही शिस्त सक्तीची केली. दिवसाला जीमेलच्या पत्त्यांवर ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्याला तिन्ही नोंदी हव्यात, एका टिचकीत नाव कमी करायची सोय हवी, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. चारशे वाचकांचे पत्र त्या आकड्याच्या जवळपासही नसते, पण प्रमाण लहान यादीलाच जास्त जाचते: चारशेंत एकाने स्पॅमचे बटण दाबले की पाव टक्का झाला. नाव कमी करायचा दुवा पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लपवणारे संपादक स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतात. ज्याला तो दुवा सापडत नाही, तो स्पॅमचे बटण दाबतो.

जबलपूर-गोंदिया नॅरोगेज मार्ग ब्रॉडगेज होताना नैनपूरच्या बाजूला काही वर्षे गाडीच नव्हती, हे इथल्या लोकांना आठवत असेल. वार्तापत्राला तशी मुभा नाही; जुनी लाइन चालू ठेवूनच नवी टाकायची. जुन्या सेवेवरून एक पत्र आधी पाठवावे: पुढचा अंक या नव्या पत्त्यावरून येईल, तो तुमच्या संपर्कयादीत घाला, मिळाला की एका ओळीचे उत्तर द्या. ही उत्तरे फार कामाची असतात. उत्तर आलेला प्रेषक मेलसेवेला ओळखीचा वाटू लागतो, आणि पत्र खरोखर पोहोचले हेही कळते. ‘किती जणांनी उघडले’ या आकड्यावर विसंबू नये. उघडणे मोजले जाते ते पत्रातले चित्र उतरण्यावरून, आणि ॲपलने सप्टेंबर २०२१ पासून मेलमधली चित्रे आधीच उतरवून घ्यायची सोय दिल्याने न उघडलेली पत्रेही उघडल्यासारखी मोजली जातात. मोठ्या याद्यांना नव्या पत्त्यावरून हळूहळू संख्या वाढवत पाठवावे लागते. चारशेंना तो सोहळा नको. पहिला अंक आधी नेहमी उत्तर देणाऱ्यांना आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना पाठवला तरी पुरे.

आता लेख. ते उतरवून घेतले की मजकूर येतो, चित्रे मात्र पुष्कळदा जुन्या सर्व्हरवरच राहतात आणि लेखात फक्त त्यांचा दुवा असतो. जुने खाते मिटवले की चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी. म्हणून चित्रे वेगळी उतरवून नव्या ठिकाणी चढवावीत. जुने दुवे नव्या पानांकडे वळवता येतात, पण डोमेन स्वतःचे असेल तरच खात्रीने. सेवेने फुकट दिलेल्या उपपत्त्यावर ती सोय सहसा नसते. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले लेख असतील, तर ते आधी युनिकोडमध्ये आणावेत, नाहीतर वाचकाला काहीच कळणार नाही. आणखी एक: जीमेल साधारण १०२ किलोबाइटच्या पुढचे पत्र कापते. देवनागरीचे प्रत्येक अक्षर-चिन्ह, काना-मात्राही, युटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. रोमन अक्षर एकच. नव्या सेवेचा सजावटीचा साचा जड असेल तर लांब मराठी लेख इंग्रजीच्या बऱ्याच आधी कापला जाईल, आणि नाव कमी करायचा दुवा नेमका त्या कापलेल्या भागात जाईल. साचा साधा ठेवावा.

सशुल्क वर्गणी असेल तर सर्वांत जपून. परदेशी सेवांची वसुली बहुधा स्ट्राइपमार्फत होते, आणि स्ट्राइपने २०२४ पासून भारतात नवी खाती फक्त निमंत्रणाने द्यायला सुरुवात केली. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांनुसार कार्डावरच्या आवर्ती वसुलीला ग्राहकाची नोंदवलेली संमती लागते. म्हणजे वसुली करणारी संस्था बदलली की वर्गणीदाराकडून संमती नव्याने घ्यावी लागते. यादीबरोबर ती येत नाही. बालाघाटसारख्या ठिकाणच्या लहान पत्राला माझ्या मते वार्षिक वर्गणी यूपीआयने घेणे आणि यादीत ‘वर्गणी कधी संपते’ असा एक रकाना ठेवणे हेच बरे. ओबडधोबड वाटते, पण कोणत्याही सेवेवर चालते.

जुने खाते लगेच बंद करू नका. कुठल्या तरी हस्तपत्रिकेवरचा क्यूआर कोड अजून जुन्या नोंदणीपानावरच नेत असतो, आणि तिथे आठवड्यात दोन नवे वाचक नाव घालून जातात. महिनाभर ती नावे नव्या यादीत आणत राहा, मग नोंदणी बंद करा. आणि सेवा बदलायचा विचार आज नसला, तरी वाचकांची यादी आजच उतरवून घ्या आणि दर महिन्याला उतरवत राहा.